किती नंबर?

ट्रेकिंगचे बूट घ्यायला दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती नंबर?" मी म्हणते, आधी पाऊल मोजा. विक्रेता माझ्या चपलेकडे नजर टाकतो आणि सांगतो, "सहाच असणार, ताई." पंधरा वर्षं सह्याद्रीत हिंडते आहे. इतक्या वर्षांत एकाही दुकानात कुणी माझं पाऊल मोजलेलं नाही.

नंबर फक्त लांबी सांगतो. ब्रिटिशांकडून आलेल्या या मापात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. रुंदीचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा सरासरीने रुंद निघालं. तरीही चवडा आवळतोय म्हटलं, की मला उत्तर मिळतं, "वापरून वापरून सैल होतील." कातडं थोडं मऊ पडतं, हे खरं. पण बुटाची लांबी वाढत नाही, आणि करंगळीला फोड यायला पहिला दिवस पुरतो.

मग पुढचा सल्ला: "एक नंबर मोठा घ्या, दोन मोजे घाला." घेतले तेही. चढताना टाच उचलली जाऊन सोलवटली आणि घसाऱ्यावर पाय बुटातल्या बुटात फिरला. लांबी पुरली म्हणून टाच धरली जात नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

सगळ्यात जास्त राग येतो तो दुकानातल्या चाचणीचा. गुळगुळीत फरशी, आरशापर्यंत चार पावलं, आणि पायात दुकानाने दिलेला कागदासारखा पातळ नायलॉनचा मोजा. त्या फरशीवर कुठलाही बूट बरा वाटतो. बुटाची परीक्षा उतारावर होते. उतरताना पाऊल पुढे सरकतं आणि दर पावलाला अंगठा टोकावर आदळतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे. तिथून शिड्या आणि दगडी पायऱ्या उतरत बारी गावात पोहोचले, तेव्हा माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. नवी नखं पुरती यायला वर्ष गेलं. बूट परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, कारण तळाला माती लागली होती.

आता मी संध्याकाळीच जाते, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. जाड लोकरी मोजे घरून नेते. इनसोल बाहेर काढून त्यावर उभी राहते. पाऊल कडेबाहेर आलं तर तो बूट तिथेच परत. नाडी न बांधता पाऊल पुढे सरकवून टाचेमागे एक बोट जातं का, तेही बघते. घरी आणल्यावर दोन दिवस इमारतीचा जिना चढते-उतरते, तळ स्वच्छ ठेवून, म्हणजे बदलून मागता येतात. दुकानातल्या या सगळ्याला अर्धा तास लागतो. तेवढ्यात विक्रेत्याचा चेहरा पडतो आणि मागच्या बाकावरचं गिऱ्हाईक घड्याळ बघू लागतं.

दुकानदारांना माझी विनंती आहे. पाऊल मोजायची एक पट्टी ठेवा, लांबीची आणि रुंदीची. कोपऱ्यात हातभर उंचीची एक उतरती फळी ठेवा. हजारो रुपयांचे बूट विकता, त्यात एवढं नक्की बसतं.