किलोला दहा ग्रॅम

दर मजल्यावर मुळाशी जाणारा एक तरी माणूस असतो. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत, आमच्या मजल्यावर ते काम अप्पांकडे आहे. निवृत्तीनंतर ते आधी आपल्या घराण्याच्या मुळाशी गेले. तिथे फारसं काही हाती लागलं नाही, तेव्हा मेक्सिकन स्वयंपाकाच्या मुळाशी गेले.

निमित्त सुनेचं झालं. तिने द्रोणाच्या आकाराचे कुरकुरीत टाको वर पिवळं चीज घालून पुढे केले. अप्पांनी चार संपवले आणि मग तोंड पुसत म्हणाले, "हे मेक्सिकन नव्हे. हे टेक्सासचं. खरी तोर्तिया मऊ असते. आणि टॉर्टिला नाही, तोर्तिया!"

खऱ्या तोर्तियाला वाळका मका लागतो. तो चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची, धुवायचा आणि वाटायचा. किलोला दहा ग्रॅम चुना. "चुन्याने पीठ मिळून येतं आणि मक्यातलं अडकलेलं नियासिन अंगी लागतं," अप्पा जिन्यात गाठून सांगतात. "युरोपवाल्यांनी मका नेला, चुना तिथेच ठेवला. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला!" ऐकणाऱ्याच्या हातातलं दूध तोवर तापवण्यापलीकडे गेलेलं असतं.

दोन किलो मका मागितल्यावर दाणेवाला दबक्या आवाजात म्हणाला, "अप्पा, कबुतरांना टाकायला बंदी आहे हं." लालबागच्या मसाला गल्लीत त्यांनी ग्वाहियो मिरची मागितली, दुकानदाराने बेडगी आणि शंकेश्वरी पुढे केली. अप्पांनी त्याला ऐकवलं, मिरची मुळात मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली. तो म्हणाला, "मग परत पाठवायची आहे का? किती किलो?"

खरा घोटाळा चुन्याने केला. अप्पांनी तंबाखू सोडून चार वर्षं झाली आहेत. टाटा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असताना भोईवाड्यात तंबाखू सोडणं ही खासगी बाब राहत नाही, सगळी आळी पहाऱ्यावर असते. पानवाल्याने चुना देता देता सवयीने दुसरा हात तंबाखूच्या डब्याकडे नेला. "नुसता चुना," अप्पा म्हणाले. ते जिना चढेपर्यंत बातमी वर पोचली होती.

वहिनी दारातच उभ्या. "तोंड उघडा."

"अगं, मक्याला लावायचाय!"

"इतकी वर्षं मला लावलात, तो पुरला नाही?"

पुढच्या रविवारी कॉटखालून सासूबाईंचा पाटा निघाला. त्याला टाकी लावून घेतली होती. "मेक्सिकोत याला मेताते म्हणतात," अप्पा म्हणाले. "त्याला तीन पाय असतात."

"याला नाहीत. तुम्हाला दोन आहेत, ते दुमडा आणि वाटायला बसा."

अप्पांनी अकरा फेरे वरवंटा फिरवला आणि बाराव्याला त्यांची कंबर धरली. मग वहिनी बसल्या आणि अप्पा खुर्चीवरून मार्गदर्शन करू लागले. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोचा पारंपरिक स्वयंपाक वारशाच्या यादीत घातला, हे त्यांनी सांगितलं. "आणि भांड्यांना कुणाला घातलंय?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

टोमॅटो, लसूण, मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून त्याच पाट्यावर रगडल्या. अप्पा त्याला साल्सा म्हणत होते, वहिनी ठेचा. मग वहिनींनी पिठाचा गोळा तळहातावर घेऊन थापला, दोन्ही हातांवर फिरवत वाढवला आणि तव्यावर टाकला.

"बघा! अगदी ओआहाकाची बाई!" अप्पा ओरडले.

"कऱ्हाडची," वहिनी म्हणाल्या. "आणि ज्वारी असती तर चुना लागला नसता."

रात्री साडेदहाला पहिली तोर्तिया टम्म फुगली. अप्पांनी सहा खाल्ल्या आणि खाताना एकदाही मुळाशी गेले नाहीत. मीही चार खाल्ल्या, घरून जेवून गेलो होतो तरी.

आता दर शनिवारी अप्पांकडे मका भिजतो. चुन्याची डबी वहिनींच्या ताब्यात असते. परवा त्या सुनेचा केकचा काटा घेऊन आमच्या दारात आल्या.

"भावोजी, किलोला दहाच ग्रॅम ना?"

"हो, वहिनी."

"बारा गेलाय."