मांजराला गोळी देणे : शास्त्रोक्त घरगुती पद्धत

मांजराला तोंडावाटे गोळी देण्याची क्रिया दोन ठिकाणी होते, दवाखान्यात आणि घरी. दवाखान्यात डॉक्टर ती एकट्याने, बोलता बोलता उरकतात. तिथे मांजर गांगरलेले असते, टेबल गुळगुळीत असते, आणि गोळी घशाखाली कधी गेली हे मालकाच्या ध्यानातही येत नाही. ‘असं द्यायचं, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस’ एवढे सांगून चिठ्ठी त्याच्या हातात पडते. घरी मात्र मांजर स्वतःच्या मुलखात असते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकारापुरते मर्यादित आहे.

पूर्ण वाढलेल्या घरगुती मांजराचे वजन साधारण चार किलो असते. त्यात ३० दात आणि १८ नख्या येतात. कुत्र्याला ४२ दात असतात, पण गोळी घेताना ते वापरायची वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. पेढ्यात दडवलेली गोळी तो चावण्याच्याही भानगडीत पडत नाही आणि दुसरा पेढा कुठे आहे ते पाहू लागतो. म्हणून कुत्र्यासाठी इथे वेगळे कलम केलेले नाही. फक्त गोळी मनुकेत किंवा चॉकलेटमध्ये घालून देऊ नये. मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि चॉकलेट त्याला विषारी असते. बैलाला बांबूच्या नळकांड्यातून काढा पाजणारा शेतकरीसुद्धा मांजराच्या बाबतीत ‘होईल आपोआप बरं’ असे म्हणून बाजूला होतो. यावरून विषयाच्या काठिण्याची कल्पना यावी.

पूर्वतयारीचा मुख्य भाग म्हणजे कोणतीही तयारी चालू नाही असे भासवणे. गोळी पट्टीतून फोडल्याचा आवाज मांजर दोन खोल्या पलीकडून ओळखते. पहिल्या दिवशी नाही, पण दुसऱ्या दिवसापासून निश्चित. म्हणून गोळी आधीच, शक्यतो मिक्सर चालू असताना, काढून ठेवावी. नख्या आदल्या दिवशी कापाव्यात. खोलीची दारे लावावीत, दिवाणाखालची फट जुन्या रद्दीने बुजवावी आणि माळ्यावर जाण्याचा मार्ग बंद करावा. मालकाने मांजराकडे टक लावून पाहू नये. लाडीक आवाजात हाकही मारू नये, कारण एरवी ज्याला ‘ए, सरक’ म्हटले जाते त्याला अचानक ‘बाळा, ये रे’ म्हटले की पुढचे सगळे त्याला कळते.

मनुष्यबळ दोन पुरते. एकाने धरावे, दुसऱ्याने द्यावे. महाराष्ट्रीय कुटुंबात प्रत्यक्षात पाच जण हजर असतात. त्यांपैकी आजोबा खुर्चीतून ‘मान धर, मान’ असे सांगतात, आजी ‘कशाला छळताय मुक्या जिवाला’ म्हणतात, आणि धाकटा मुलगा नेमक्या क्षणी दार उघडतो. या तिघांना आधी देवळात पाठवता आल्यास उत्तम.

पहिली पद्धत फसवणुकीची. बाळाला मात्रा मधातून चाटवतात या अनुभवावर विसंबून पुष्कळ घरांत मांजरालाही गूळ, मध किंवा पेढा दाखवला जातो. त्याचा उपयोग नाही. गोड चव ओळखण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाचे कामच मार्जारकुळात बंद पडलेले आहे, त्यामुळे मांजराला गोडाचे आकर्षण नसते. कडू मात्र त्याला उत्तम कळते. गोळी कडू असल्यास तोंडाला फेस येतो, लाळेच्या तारा लोंबतात आणि घरात विषबाधेची बोलणी सुरू होतात. हा फेस बहुधा चवीचा निषेध असतो व काही मिनिटांत थांबतो.

तेव्हा मासळी. बांगड्याच्या काटे काढलेल्या मांसाचे तीन छोटे गोळे करावेत. पहिला रिकामा द्यावा, दुसऱ्यात औषध घालावे, आणि तिसरा नाकासमोर धरावा, म्हणजे दुसरा घाईने गिळला जातो. ही युक्ती चांगली आहे आणि खरोखर चालते, साधारण दोनदा. त्यानंतर मांजर तिन्ही गोळे खाते आणि गोळी बशीच्या कडेला ठेवून देते. तिला मासळीचा कणही चिकटलेला नसतो, फार तर वरचे कोरलेले अक्षर थोडे पुसट झालेले असते. घरात मासे चालत नसतील तर प्रश्नच मिटतो. ही पायरी वगळून पुढच्या पायरीला लागावे.

गोळी कुटून दुधात घालण्याचा सल्ला शेजारून येतो. तो नम्रपणे नाकारावा. काही गोळ्यांवरचा लेप त्या पोटात ठरावीक ठिकाणी विरघळाव्यात म्हणून असतो, तो फोडला की औषधाचा हेतूच फसतो. टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांचे शोषण दूध-दह्यातल्या कॅल्शियममुळे कमी होते. शिवाय कडू दुधाचा अनुभव घेतलेले मांजर पुढे चांगल्या दुधावरही संशय घेते.

दुसरी पद्धत हाताची. मोठा, जुना टर्किश टॉवेल टेबलावर पसरावा, मांजर मधोमध बसवावे आणि दोन्ही बाजूंनी गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे. पुढचे पंजे आत आहेत ना, हे तपासावे. तीन पंजे आत असणे म्हणजे एकही आत नसणे. धरणाऱ्याने मांजराची पाठ स्वतःच्या पोटाला टेकवावी, म्हणजे मागे सरकायला जागा राहत नाही. देणाऱ्याने डाव्या हाताने वरून डोके धरावे, अंगठा एका बाजूच्या आणि बोटे दुसऱ्या बाजूच्या सुळ्यामागे यावीत. डोके हळूच वर उचलले की खालचा जबडा थोडा सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात व तर्जनीत गोळी धरून मधल्या बोटाने खालचे पुढचे बारीक दात दाबावेत. तोंड उघडते. किती वेळ उघडे राहील ते सांगता येत नाही, म्हणून गोळी जिभेच्या अगदी मागे, मध्यरेषेवर टाकावी आणि हात काढून घ्यावा. दोहोंपैकी हात काढणे अधिक तातडीचे. गोळी जिभेच्या पुढच्या भागावर किंवा कडेला पडली तर ती परत येणार, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही.

तोंड मिटवून डोके सरळ करावे, गळ्यावरून बोट फिरवावे, नाकावर हलकी फुंकर घालावी. मांजराने नाक चाटले की गोळी गिळली असे समजतात. अनुभवी मांजरे नाक चाटूनही गोळी गालात ठेवतात, टॉवेल सुटल्यावर सावकाश चालत जातात, पाय चाटायला बसतात आणि ती ओली, अर्धवट विरघळलेली गोळी पायपुसण्यावर सोडतात. म्हणून पाच मिनिटे मांजरावर नजर ठेवावी. गोळी गिळल्यावर सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी द्यावे. हा उपचार ऐच्छिक नाही. विशेषतः डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी राहून अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होऊन पुढे नळी अरुंद होऊ शकते. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून, गाल आणि दात यांच्यामधल्या फटीत, थोडे थोडे सोडावे. डोके मागे वाकवून पिचकारी मारल्यास ते श्वासनलिकेत जाते. पातळ औषधालाही हाच नियम लागू. त्यातले निम्मे देणाऱ्याच्या शर्टावर जाईल असे धरून जुना शर्ट घालावा, पण मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये.

इथे विनोद बाजूला ठेवून दोन गोष्टी सांगणे भाग आहे. घरातल्या माणसांच्या डब्यातली गोळी मांजराला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. दुसरे, दात लागल्यास जखम साबणाने, वाहत्या नळाखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जावे. मांजराचे सुळे बारीक पण खोल जातात आणि जखम वरून बुजून आत चिघळते. रेबीजच्या लसीचा निर्णयही डॉक्टरच घेतात. जखम मांजराने स्वसंरक्षणार्थ केली असली तरी.

क्रम पूर्ण करण्याविषयी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी होती. पहिल्या दिवशी मांजर आजारी असते, अंगात त्राण नसते, गोळी मुकाट्याने जाते. आपल्याला हे जमते असा गैरसमज कुटुंबात पसरतो तो याच दिवशी. औषध लागू पडू लागले की मांजराची ताकद परत येते, आणि चौथ्या दिवशी तीच गोळी द्यायला घरातले सगळे लागतात. हातावरचे ओरखडे मोजून तब्येतीतली सुधारणा बऱ्यापैकी अचूक सांगता येते. नेमके याच टप्प्यावर ‘आता तर बरं दिसतंय, कशाला द्यायची’ असा ठराव घरात एकमताने संमत होतो. तो रद्द समजावा. प्रतिजैविक अर्ध्यावर सोडू नये. अगदीच जमत नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. काही औषधे इंजेक्शनाने देता येतात, काही पातळ स्वरूपात मिळतात, आणि असे विचारणारे आपण पहिलेच नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळते.

सात दिवसांनी मांजर दाखवायला न्यावे लागते. त्यासाठी ते पिंजऱ्यात कसे घालावे, हा स्वतंत्र विषय आहे.