त्रोवसात राहिलेला झगा

मराठीत 'वचन' दोन प्रकारचं असतं. एक निवडणुकीच्या आधी देतात ते. दुसरं आम्हा ख्रिस्ती लोकांतलं, म्हणजे पवित्र शास्त्रातली ओवी. आमच्यात पोरगं बारावी पास झालं की त्याला वचन देतात. पाकीटही देतात, पण पाकीट उघडलं की आधी वचनाचं कार्ड निघतं आणि त्याच्यामागे, नशीब असेल तर, एकशे एक रुपये.

यंदा आमची भाची बारावी सायन्सला 600 पैकी 431 मार्क मिळवून पास झाली. दुपारी एकला निकाल लागला आणि दोनच्या आत सात जणांचं यिर्मया एकोणतीस अकरा येऊन पडलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाने तुमचं भलंच योजून ठेवलं आहे, पुढे चांगले दिवस आहेत, असा त्याचा मतलब. एकाने ते उगवत्या सूर्यावर छापलेलं पाठवलं, एकाने धबधब्यावर, आणि एका काकांनी, का कोण जाणे, स्वित्झर्लंडच्या गाईंवर. शनिवारी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली, तर भेटींच्या कागदांतूनही तेच निघालं. दोन तसबिरी, एक मग आणि एक भिंतीवरचं घड्याळ. घड्याळात ओळी अशा बसवल्यात की रोज सव्वातीनला दोन्ही काटे एकावर एक येऊन नेमकी 'आशा' झाकतात.

"मामा, हे मुळात कुणाला लिहिलंय?" भाचीने मग पुसता पुसता विचारलं.

मी संडेस्कूलला वीस वर्षं शिकवलेला माणूस. पण एकोणतीस अकराच्या आधी एकोणतीस दहा असतं, इकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. उघडून बघितलं. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून धाडलेलं ते पत्र. आणि चांगले दिवस येणार ते कधी, तर सत्तर वर्षं भरल्यावर.

"म्हणजे मी अठ्ठ्याऐंशीची झाले की?"

"तोवर काय करायचं तेही दिलंय. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा..."

माझ्या आईला एरवी दारावरची बेल ऐकू येत नाही. हे तिने स्वयंपाकघरातून ऐकलं. पदराला हात पुसत, चष्मा लावत बाहेर आली. "लग्नाचं कुठं लिहिलंय? बोट ठेव." मी बोट ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरात आजीचं आवडतं वचन एकोणतीस सहा आहे आणि भाची माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

दुसरा नंबर फिलिप्पैकरांस चार तेराचा. ख्रिस्ताच्या बळावर सगळं जमतं, हे वचन आमच्या गल्लीत दोन स्कूटरींवर आणि एका जिमच्या काचेवर आहे. पण प्रेषित पौलाने ते कैदेतून लिहिलंय, आणि त्याच्या अलीकडच्या ओळीत उपाशी कसं राहावं आणि पोटभर मिळालं तर कसं राहावं, दोन्ही शिकलो, असं तो सांगतो. म्हणजे ते वचन गणिताच्या पेपराचं नाहीच. ते होस्टेलच्या मेसचं आहे! हे मी भाचीला सांगितलं तेव्हा अबोला सुटला.

शनिवारच्या त्या प्रार्थनेला पाळकसाहेब आले होते. आमचं नगर. इथे 1831 साली अमेरिकन मराठी मिशन आलं आणि सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, त्यामुळे नगरच्या ख्रिस्ती घरात मुलगी शिकली की पाळकसाहेबांना बोलायला एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करता येते. त्यांनी ती केली. पाऊण तासाने ते सावित्रीबाईंपर्यंत पोचले. आजोबांच्या खुर्चीत बसलेले काका सूर लावून घोरत होते. भाची खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती आणि तिची मान पुढे यायला लागलेली बघून मला युतुखाची आठवण झाली. प्रेषितांच्या कृत्यांत हा पोरगा येतो. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय, हा खिडकीत बसलाय, झोप लागते आणि तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली. पौल खाली जाऊन त्याला उठवतो, पोरगं जिवंत निघतं, आणि मग पौल काय करतो? वर येऊन उजाडेपर्यंत बोलतो. मी भाचीला हळूच खुणावून सतरंजीवर बसवलं. आमचं घर तळमजल्यावर आहे, पण खाली गुलाबाच्या कुंड्या आहेत.

यावर कुणी रागावू नये. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहून आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना घरच्या देवाधर्मावर हसायची परवानगी कधीच काढून दिली आहे.

मग पाळकसाहेब म्हणाले, "आता मामांनी उत्तेजनाचे दोन शब्द बोलावेत." उत्तेजन! उभा राहिलो आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन नव्हते, तरी आशा दिसेना. कारण मी स्वतः 1994 साली बारावीला गणितात नापास. त्या दिवशी घरी कुणी प्रार्थना ठेवली नव्हती, वचनही दिलं नव्हतं. निकाल घेऊन आलो तो दाराशीच उभा राहिलो. आईने कागद बघितला, घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, "पानावर बस. जेवलास की रॉकेलचा डबा घेऊन रेशनला जा, आज आलंय." मेथीची भाजी होती. जेवलो आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे बावीस डबे होते. रांगेत कुणी मला गणिताचं विचारलं नाही, "तुमच्यामागे मी हं," एवढंच सांगितलं. पाच लिटर घेऊन घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "झाकण नीट लावलंस का?"

हे मी सभेत सांगितलं नाही. आई समोर बसली होती. मी तीमथ्यावर बोललो. तरुण म्हणून कुणी तुला तुच्छ मानू नये, असं पौल त्याला लिहितो. ते वचन सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच पत्रात पुढे तो म्हणतो की नुसतं पाणी पिऊ नकोस, तुझं पोट बिघडतं, थोडा द्राक्षारस घेत जा. (इथे तरुण संघाच्या बाकावर हालचाल झाली.) आणि दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, विश्वासाचं सगळं बोलून झाल्यावर लिहितो, त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना आण, पुस्तकंही आण, आणि हिवाळ्याच्या आत ये. माझे दोन शब्द एवढेच होते. मी बसल्यावर पाळकसाहेबांनी द्राक्षारसाबद्दल तरुण संघाला वेगळं समजावून सांगितलं. मग मटणाचा रस्सा आला आणि काका जागे झाले.

जूनअखेर भाची पुण्याला होस्टेलवर गेली. एसटी स्टँडवर आईने तिच्या पिशवीत ओवा आणि काळ्या मिठाची बाटली कोंबली. "मेसचं पाणी कसं असेल काय माहीत. जेवल्यावर चिमूटभर. पौलानेच सांगितलंय."

"आजी, पौलाने ओवा नाही सांगितला."

"त्याला नगरला कुठे मिळालं यायला?"

तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. ना वचन, ना गाई. "मामा, रेनकोट कपाटात खालच्या खणात राहिलाय. येताना आणा. फिजिक्सची पुस्तकंपण. जमलं तर या रविवारीच या, इथे फार पाऊस आहे."

मी आईला वाचून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मग उठून कपाट उघडलं. रेनकोट सापडला. त्याची एक गुंडी तुटली होती, ती लावायला दोरा शोधत बसली. रविवारचं चर्च चुकणार होतं, म्हणून मी पाळकसाहेबांना कळवलं की कार्पाकडचा झगा पोचवायला चाललोय.

"कोण कार्प?" असं त्यांचं उत्तर आलं, तेव्हा मी शिवाजीनगरला उतरत होतो.