सालदार

जुन्या फ्रेंच लाल वाइनवर जीव टाकणाऱ्या गृहस्थांना मराठीत ‘सालदार’ म्हणायला हरकत नाही. मराठवाड्यात सालदार म्हणजे सालाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी; लंडनच्या उपनगरातला हा सालदारही सालालाच बांधलेला असतो. काल काय घेतलेत, असे विचारले तर तो ‘एकसष्ट आणि ब्याऐंशी’ असे उत्तर देतो. हा पाढे म्हणतो आहे की वाइनची नावे सांगतो आहे, ते नवख्याला कळत नाही.

इंग्लंडात ही जात जुनी आहे. बोर्दोच्या लाल वाइनला तिथे क्लॅरेट असे खास घरचे नाव आहे. सॅम्युअल पेपिसने १६६३ सालीच लंडनच्या एका गुत्त्यात ओ-ब्रियाँ ही बोर्दोचीच वाइन पिऊन रोजनिशीत तिची तारीफ केली. नावाचे स्पेलिंग त्याने साफ चुकवले. आजचा सालदार ते चुकवत नाही. साडेतीनशे वर्षांतली प्रगती एवढीच.

सालदाराचे धर्मशास्त्र १८५५ चे. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मुख्यतः मेदोक भागातल्या लाल वाइनच्या पाच प्रती लावल्या, आणि त्या लावताना बाजारातला भाव पाहिला. म्हणजे यादी मुळात मार्केट यार्डातली. सालदार मात्र ती सोवळे नेसून म्हणावी तशी म्हणतो. पहिल्या प्रतीत चार नावे होती : लाफित, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरची ओ-ब्रियाँ. १९७३ मध्ये मूताँला दुसऱ्या प्रतीतून पहिल्या प्रतीत बढती मिळाली. मराठी सालदाराने हे नाव चारचौघांत जपून उच्चारावे. लातूर मात्र बिनधास्त म्हणावे, फक्त ‘तूर’ म्हणजे फ्रेंचमध्ये मनोरा, आडतीवर येणारी तूर नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

साल कशामुळे चांगले ठरते, यावर सालदार तासभर बोलू शकतो. १९६१ च्या वसंतात थंडीने बोर्दोचा मोहोर मारला, फळ थोडे धरले, आणि जे धरले त्यात सगळा अर्क उतरला. आंब्याच्या बागाइतदाराला हे दोन वाक्यांत पटेल. सालदाराला तासच लागतो. त्यातही तो माणसांची जन्मसाले बघतो. १९६१ चा जन्म म्हणजे गुरू उच्चीचा. १९७७ मध्ये जन्मलेल्याची पंचाईत होते, कारण त्या वर्षी बोर्दोत काही धड पिकले नाही. त्याच्या वाढदिवसाला पोर्तुगालातून पोर्ट वाइन मागवतात. ती त्या साली उत्तम झाली होती, पण देताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर सांत्वनाला आल्याचा भाव असतो.

सालदारांच्या बैठकीत आठ जण असतात : एक हिशेबनीस, एक भूलतज्ज्ञ, एक वास्तुरचनाकार, बाकीचे निवृत्त. प्रत्येकाने एक बाटली आणायची, हा नियम. यजमानाची बाटली दोन दिवस आधी उभी केलेली असते, म्हणजे आडवेपणी कुशीला साचलेला गाळ तळाशी बसावा. हा गाळ म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून जड झालेले रंगद्रव्य आणि तुरट द्रव्य. प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीसारखी ती बाटली मग कुणी हलवायची नसते. त्या दोन दिवसांत नातवंडांनी त्या खोलीत पळायचे नाही, आणि घरच्या बाईंनी तिथली धूळ पुसायची नाही.

पन्नास वर्षांचे बूच शिळ्या भाकरीच्या वृत्तीचे असते; सरळ स्क्रू घातला की भुगा. म्हणून दोन पात्यांचा चिमटा बुचाच्या दोन्ही अंगांनी सरकवायचा आणि हलक्या हाताने फिरवत वर घ्यायचे. या वेळी कुणी बोलत नाही. अर्धे बूच हातात आणि अर्धे आत राहिले, तर भूलतज्ज्ञ पुढे होतो. त्यानंतर बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरून वाइन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओततात आणि गाळ मानेशी आला की थांबतात. बाटली ७५० मिलीलिटरची, तळचा गाळ वजा, माणसे आठ. प्रत्येकाच्या वाट्याला येते ते तीर्थच. फक्त ते पिऊन हात डोक्यावरून फिरवत नाहीत.

मग हुंगणे. ‘नाकाने कांदे सोलणे’ हा वाक्प्रचार मराठीत कुणी कशावरून पाडला असेल ते असो, त्याचे प्रात्यक्षिक इथे होते. देवदाराचे लाकूड, सिगारची पेटी, जुने चामडे, पावसात कुजलेली पाने, अळंबी हे वास मान्यताप्राप्त आहेत. बर्गंडी या दुसऱ्या फ्रेंच वाइनला गोठ्याचा वास आला तर तीही स्तुती धरतात, जरी तो बहुधा ब्रेटॅनोमायसिस नावाच्या आगंतुक यीस्टचा असतो. द्राक्षांचा वास येतो, असे म्हणणाऱ्याला पुढचे आमंत्रण जात नाही.

खरी कसोटी लागते ती वाइन मेलेली निघाल्यावर. समजा, यजमानाची १९७० ची लातूर उघडली आहे. पहिल्याच हुंगण्यात आठही जणांना ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आहे. हा दोष बुचातून येणाऱ्या टीसीए या द्रव्याचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. पण बोलणार कोण? ‘जरा मिटलेली वाटते,’ हिशेबनीस म्हणतो. ‘थोडा वेळ द्या तिला,’ दुसरा म्हणतो, आणि ग्लास फिरवत राहतो. ‘संयमी आहे,’ असेही कुणी म्हणून जातो. शिष्टाचार असा, की ज्याची बाटली त्यानेच निधन जाहीर करायचे. यजमान एकदा हुंगतो, खिडकीशी जाऊन पुन्हा हुंगतो, शेवटी भूलतज्ज्ञाकडे पाहतो. तो मान हलवतो. मगच सगळ्यांना तो पुठ्ठा सुरुवातीपासून जाणवत होता, असे निघते.

बाटलीला पायमोजा चढवून ओळखायला लावले, की सालदाराची आणखी अडचण होते. साल दिसल्याशिवाय त्याच्या जिभेला चव कळत नाही. बोर्दोतल्याच फ्रेडरिक ब्रोशे यांनी पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्याच शब्दांत केले. थोर सालदार मात्र ही गोष्ट हसून घेतात. बोर्दोला बर्गंडी समजण्याची चूक शेवटची कधी केलीत, असे हॅरी वॉ या इंग्लिश जाणकाराला विचारले, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर नाही, असे त्यांनी सांगितल्याची आठवण या मंडळींत दर बैठकीला निघते.

रात्री रिकाम्या बाटल्यांचा निकाल लावायचा असतो. नावाजलेल्या शातोची, म्हणजे वाइनच्या मळ्याची, रिकामी बाटली भलत्याच्या हाती पडली, तर तीत भलते भरून ती पुन्हा विकली जाते. कॅलिफोर्नियात घरबसल्या हा धंदा करणाऱ्या रूडी कुर्नियावानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणून यजमान मार्कर घेऊन एकेका लेबलावर फुली मारतो. सात बाटल्यांवर ती झटपट पडते. लातूरशी आल्यावर हात थांबतो. तो बाटली विसळतो, कोरडी करतो आणि पुस्तकांच्या कपाटावर लेबल पुढे येईल अशी ठेवतो. टिपणवहीत त्या तारखेखाली ‘१९७० : घेतली’ एवढीच नोंद पडते.