भावोजींसाठी अस्थिपरीक्षा नियमावली

जिते गावाच्या रानात हाडं सर्वांनाच दिसतात. ती ‘सापडतात’ फक्त आमच्या भावोजींना. त्यांच्यासाठी, आणि सुट्टीच्या दिवशी दिवा-रोहा गाडीतून टोपी घालून उतरणाऱ्या समस्त अभ्यासकांसाठी, पुढील नियम.

1. हाड बिबट्याचं नाही.

2. शंका आल्यास नियम 1 पुन्हा वाचावा.

3. कवटी मिळाल्यास दात पाहावेत. वरच्या जबड्यात पुढे दात नाहीत, दातांच्या खाचाही नाहीत, तर जनावर रवंथ करणारं : गाय, म्हैस, शेळी किंवा भेकर. सुळे दिसले म्हणून लगेच फोटो पाठवू नयेत. सुळे कुत्र्यालाही असतात. कुत्र्याचे दात 42, जबडा लांबट. बिबट्याचे 30, जबडा आखूड. मोजायचा कंटाळा असेल तर नियम 1.

4. आत हाडाचा गाभा आणि वर पोकळ टोपण, तर ते गुराचं किंवा शेळीचं शिंग. भरीव आणि फाटे फुटलेलं असेल तर सांबराचं. ते दरवर्षी गळतं. पण 1972चा वन्यजीव कायदा दिवाणखान्याची शोभा बघत नाही, तेव्हा हात लावू नये. हाडावरच्या समांतर खोबणी म्हणजे पंज्याच्या खुणा नव्हेत. साळिंदर दात झिजवायला हाडं कुरतडतं.

5. हाड जिभेला चिकटलं म्हणजे ते सच्छिद्र आहे, एवढंच सिद्ध होतं. प्राचीन ठरत नाही. भावोजींनी ही परीक्षा केली त्या रात्री ताईने त्यांचा तांब्या वेगळा ठेवला.

6. अख्खा सांगाडा मिळेल ही आशा सोडावी. गिधाडं होती तेव्हा मेलेलं ढोर जागच्या जागी साफ व्हायचं. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडंच मेली. 2006 साली गुरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आता कुत्री ढोर ओढतात नि हाडं रानभर पांगतात. एक नळी हाती येते आणि उरलेलं जनावर भावोजी स्वतः तयार करतात.

7. हाड माणसाचं वाटल्यास न हलवता पोलीस पाटलांना कळवावं. इथे विनोद नाही.

8. एवढं करून अडलंच तर गावातल्या म्हाताऱ्याला विचारावं. नळीवरची सांधलेल्या मोडीची गाठ चाचपून आमचे आजोबा म्हणाले, “आपला पवळ्या. बांधावरून घसरलेला. तरी पुढे दोन पावसाळे नांगर ओढलान्.” भावोजींचा चेहरा पडला. बैल निघाला यात पडण्यासारखं काय आहे? डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 इनामगावची प्राचीन वस्ती खणली, तिथेही गुरांची हाडं ढिगाने निघाली. माणूस राहतो तिथे त्याचं ढोरही मरतं, इतकी ही विद्या सरळ आहे.

9. पडवीतल्या पिशव्या पुढच्या खेपेला घेऊन जाव्यात. त्यांवर मनी झोपते म्हणून आतला ऐवज मांजरकुळातला ठरत नाही.