‘घर तुझंच समज’ या आदेशाच्या अंमलबजावणीबाबत

प्रति,
आमचे बालमित्र,
मुक्काम एडिसन, न्यू जर्सी.

विषय : उन्हाळी मुक्कामाच्या पहिल्या पाच दिवसांतील तक्रारी.
संदर्भ : आपला गेली बारा वर्षे येणारा तोंडी निरोप, “एकदा याच. घर तुझंच समज.”

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, आम्ही उभयता जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या घरी दाखल झालो. अडतीस वर्षं आवक-जावक रजिस्टर सांभाळलेला माणूस तक्रार तोंडी करत नाही. शिवाय तुझ्या घराच्या भिंती पडल्या लाकडी. माडीवर हिच्याशी कुजबुजलो तरी खाली वहिनींना ऐकू जातं. म्हणून हे पत्र खुलंच लिहितो. (महोदय म्हणताना जीभ अडखळते, सबब यापुढे ‘तू’.)

तक्रार क्रमांक एक विमानतळावरची. पासपोर्टवर जन्मस्थळ अहमदनगर, 2024 पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर, आणि आपण दोघे अजून नगरच म्हणतो. नेवार्कच्या अधिकाऱ्याला यातलं काहीच नको होतं. किती दिवस राहणार, कुणाकडे राहणार, परतीचं तिकीट आहे का, एवढंच त्याचं पालुपद. अरे, 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची मंडळी नगरला आली, ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. शाळा काढल्या, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ काढला. सिंथिया फरार बाईंच्या हाताखाली तर सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे गिरवले. माळीवाड्याच्या वेशीवर कुणी त्यांना परतीचं तिकीट विचारल्याचं ऐकिवात नाही. इथं मात्र पुढच्या माणसानं हिच्या पिशवीतली कुरडई दिव्यासमोर धरून पाहिली. गव्हाचा चीक इंग्रजीत कसा सांगायचा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तक्रार क्रमांक दोन खुद्द संदर्भाधीन वाक्याची. आपल्याकडे ‘घर तुझंच समज’ याचा अर्थ स्वच्छ आहे : गादीवरून उठायचं नाही. पाणी येतं, चहा येतो, ‘अजून अर्धी’ म्हणत भाकरी येते आणि नको म्हटलं की एक आख्खी येते. तू काय केलंस? बॅगा खाली ठेवायच्या आत घर दाखवलंस. निळ्या डब्यात कागद, काळ्यात कचरा. ही कळ फिरवायची नाही, घर थंड होतं. हे चार आकडे पाठ कर, दाराच्या धोक्याच्या घंटेचे आहेत. “चहाची पावडर इथे, साखर डावीकडच्या दुसऱ्या खणात, दूध फ्रिजमध्ये. घर तुझंच समज.” आणि सोमवारी सकाळी तुम्ही दोघं दोन गाड्यांतून दोन दिशांना निघून गेलात! आम्ही सोफ्यावर बसून चहाची वाट पाहत राहिलो. साडेअकराला माझ्या लक्षात आलं की, चहा आणणारं माणूस या घरात नेमलेलंच नाही.

तक्रार क्रमांक तीन. तुझं घड्याळ नगरच्या साडेनऊ तास मागे. हे हाताच्या घड्याळाला पटलं, पोटाला पटेना. तुझ्याकडे रात्रीचे तीन वाजतात तेव्हा पोटात दुपारचे साडेबारा झालेले असतात आणि भाकरीची वेळ होते. दुसऱ्या रात्री भुकेनं उठलो, जरा हवा खावी म्हणून मागचं दार उघडलं, आणि घर बोंबलायला लागलं. तू हातात छत्री घेऊन जिना उतरलास. सुरक्षा कंपनीचा फोन आला. चोर कोण, याची चौकशी खुद्द पाहुण्यासमोर झाली.

आपलं दोघांचं आजोळ सोनईचं, हे विसरलास? शनिशिंगणापूर तिथून हाकेवर. तिथल्या घरांना चौकटी असतात, दारं नसतात. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावायची. 2011 मध्ये तिथं युको बँकेनं शाखा काढली, तीसुद्धा कुलपाविना. लहानपणी त्या गावातून हिंडलेल्या माणसाला चार आकडे पाठ करायला लावतोस? (एवढं मात्र नोंदवून ठेवतो की, त्या रात्रीच्या गोंधळात वहिनींनी एकच प्रश्न विचारला, “भावजी, भूक लागलीय का?” आणि रात्री सव्वातीनला पिठलं टाकलं. सकाळी सातला त्यांना गाडी काढायची होती.)

तक्रार क्रमांक चार पाण्याची. पहाटे पाचला तुझ्या अंगणातून नळ्या डोकं वर काढतात आणि गोल फिरत पाणी उडवायला लागतात. कशाला? गवताला. ते गवत शनिवारी तू कापतोस, पिशव्या भरतोस आणि कचरागाडीसाठी रस्त्याकडेला ठेवतोस. एक शेळी नाही, एक वासरू नाही! नगरपासून अर्ध्या तासावर हिवरे बाजार आहे. तिथं दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा गावाचा नियम. 2019 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या. त्या दिवसांत तुझ्या गल्लीतलं एका शनिवारचं गवत मिळालं असतं, तर माझ्या चुलत्यानं बैल विकले नसते. या मुद्द्यावर तू काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ्या वर आल्या नाहीत, एवढं मी खिडकीतून पाहिलं.

तक्रार क्रमांक पाच तुझ्या लेकीविरुद्ध. पोरीनं फ्रिजवर कागद चिकटवलाय. काका ‘आमच्याकडे’ म्हणाले की एक रेघ. चौथ्या दिवशी रेघा त्रेचाळीस झाल्या. मी तिला सांगितलं, पाहुणा कसा असावा हेसुद्धा नगरनंच जगाला दाखवलंय. अरणगावच्या मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं ते शेवटपर्यंत. 1931 मध्ये ते पहिल्यांदा इंग्लंडला निघाले, गांधीजी होते त्याच राजपुताना जहाजातून, आणि तिथं भक्तांच्या घरी राहिले. यजमानाला पाच दिवसांत एकदाही ‘आमच्याकडे असं नसतं’ ऐकावं लागलं नसेल! पोरीनं शांतपणे चव्वेचाळिसावी रेघ ओढली.

आता या पत्राचं खरं कारण.

चौथ्या रात्रीही तीनला जाग आली. पुन्हा वहिनींना उठवायची लाज वाटली. मग आपला भुईकोट किल्ला आठवला. 1942 ते 1945 तिथं इंग्रज सरकारचे सक्तीचे पाहुणे होते. नेहरूंनी तिथली जमीन खणून बाग केली आणि ग्रंथ लिहिला. मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठत, आपला चहा आपण करत आणि एका मित्राला पत्र लिहायला बसत. पत्र टपालात पडण्याची सोय नव्हती, तरी लिहीत. पुढे त्यांचंच ‘गुबार-ए-खातिर’ झालं. म्हटलं, बंदिवान माणूस नगरात स्वतःचा चहा करू शकतो, तर मोकळा नगरकर एडिसनात का नाही?

केला. पहिला उतू गेला, शेगडी पुसली. दुसरा बरा झाला. (मौलानांचा चहा बिनदुधाचा, त्यामुळे उतू जायची भानगड त्यांना नव्हती.) वर जाऊन हिला दिला. हिनं कप हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग म्हणाली, “साखर कुठं सापडली?” मी म्हणालो, “डावीकडचा दुसरा खण.” ती म्हणाली, “आपल्या घरी कुठं असते?”

मित्रा, मला सांगता आलं नाही.

तुझ्या घरातली साखर मला पाच दिवसांत सापडली. माझ्या घरातली अडतीस वर्षांत सापडलेली नाही. मी आजवर शेकडो पाहुण्यांना ‘घर तुमचंच समजा’ म्हटलं, ते गादीवर बसून. उठत होती ती आधी आई, नंतर ही. ज्या घरात साखर कुठं असते हे मला ठाऊक नाही, ते घर मी दुसऱ्याला कुठल्या अधिकारात देत होतो, याचा खुलासा माझ्याकडे नाही.

सबब तक्रार क्रमांक दोन मागे घेण्यात येत आहे. एक, तीन, चार व पाच कायम.

तू डिसेंबरात नगरला येणार आहेस. तेव्हा चहा मी करीन. साखर कुठं असते ते तोवर विचारून ठेवतो.

आपला विश्वासू,
तुझ्याच घराच्या माडीवरून.

प्रत माहितीस्तव :
1. वहिनी. पिठल्याबद्दल आभार.
2. सौ. यांना चहासोबत सादर. शेरा : “साखर कमी.”