झाडाचं काम

मी मूळची सांगलीची. नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य सहज तोंडून गेलं आणि मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे नाट्यपंढरीच्या तुम्ही!" एवढंच ते म्हणाले. पण त्या क्षणी, सातबाऱ्यावर बोजा चढावा तसं, शाळेचं नाटक माझ्या नावावर चढलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्याचा माझ्या बी.एड.शी काय संबंध, असं विचारायची ती वेळ नव्हती. नोकरी हवी होती. सांगलीची म्हणून त्यांनी हळदीचा भाव विचारला असता, तर तोही मी ठोकून सांगितला असता.

रंगभूमीचा माझा अनुभव एका प्रयोगाचा. पाचवीत मी झाड होते. ज्यांना काम देता येत नाही पण ज्यांचे आईवडील बघायला येणार असतात, त्यांच्यासाठी शाळेच्या नाटकात झाड हे पात्र असतं. अंगाला खाकी कागद, डोक्याला आंब्याचा खरा डहाळा, दोन्ही हात वर. वाक्य एकही नाही. लाकूडतोड्यानं कुऱ्हाड उगारली की थरथरायचं. डहाळ्यात मुंगळे होते. त्यामुळे मी लाकूडतोड्या यायच्या बऱ्याच आधी थरथरायला लागले आणि तो विंगेत गेल्यावरही थांबले नाही. आई अजून सांगते, त्या नाटकात काम केलं ते झाडानं.

आमची शाळा उजनीच्या पाण्याच्या काठाला. पहिली तीन-चार वर्षं मी सगळे करतात तेच केलं. दिवाळीची सुट्टी संपली की संहिता शोधायची, मोठ्या आवाजाची पाच-सहा पोरं निवडायची, उरलेल्यांतून जनता, शिपाई आणि अर्थात झाडं. मग पाठांतर. वाक्य विसरलं की ओरडायचं, आठवलं की "हात कुठे ठेवलेत?" म्हणून ओरडायचं. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. स्नेहसंमेलनाचं सगळं बजेट आहार्यावर जातं. तालुक्याहून भाड्याने आणलेला शिवाजीमहाराजांचा जिरेटोप कानाखाली उतरतो, मावळ्यांच्या मिशा घामानं सुटतात, आणि वाचिकाचं काय ते माईकवर सोडून दिलेलं असतं. माईकही सोडूनच देतो.

सात्त्विक अभिनय शिकवावा लागत नाही, हे मात्र मला लवकर कळलं. त्यात आठ भाव असतात आणि गृहपाठाची वही मागितली की ते क्रमानं बघायला मिळतात. आधी स्तंभ, म्हणजे पोरगं जागच्या जागी थिजतं. मग स्वेद. मग स्वरभंग: "बाई, वही... घरी..." पुढे वेपथू, वैवर्ण्य, उद्या वडिलांना घेऊन ये म्हटलं की अश्रू. रोमांच आमच्याकडे निकालाच्या दिवशी असतो आणि प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणं, झेंडावंदनाच्या उन्हात. आठवी 'ब'मधला एक मुलगा आजीच्या आजारपणाचं कारण इतकं सुंदर सांगायचा की मी खोटं आहे हे माहीत असून दोनदा ऐकलं. त्याला नाटकात घेतल्यावर मात्र तो पंचांग वाचल्यासारखा बोलायला लागला. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की नाटक बसवताना आपणच काहीतरी मारून टाकतोय.

मग एका उन्हाळ्यात शिक्षकांच्या नाट्यशिबिराला गेले. जाण्याचं कारण कलेची ओढ वगैरे नव्हतं. त्या आठवड्यात जनगणनेसारखं कसलंसं घरोघरचं काम गळ्यात पडणार होतं, ते चुकवायचं होतं. तिथे व्हायोला स्पोलिन हे नाव कळलं. या बाईंनी शिकागोत स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करताना नाटकाचे खेळ रचले. मुलांना अभिनय शिकवायचा नाही, खेळ द्यायचा. खेळ नीट खेळला की अभिनय आपोआप होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं, आणि आमच्या शाळेपर्यंत माझ्या पिशवीतून झेरॉक्स होऊन पोचायला त्याला बरीच वर्षं लागली.

मुख्याध्यापकांनी शनिवारचा कार्यानुभवाचा तास दिला. पहिल्या शनिवारी बाकं सरकवली. शहाबादी फरशीवर लोखंडी पायांची बावीस बाकं एकदम सरकतात तेव्हा जो आवाज होतो, तो ऐकून खालच्या वर्गातले गणिताचे सर जिन्यात आले. "भूकंप नाही सर, नाटक," मी म्हटलं. "फरक काय?" ते म्हणाले आणि परत गेले.

पहिला खेळ आरशाचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एक माणूस, एक आरसा. माणूस करेल ते आरशानं करायचं. पहिली पाच मिनिटं प्रत्येक आरशासमोर माणूस नाकात बोट घालत होता. ते ओसरल्यावर एकमेकांना फसवायची चढाओढ लागली. मी सांगितलं, आरशाला फसवायचं नाही, तो चुकला तर तुम्ही हरलात. इतकं हळू करा की त्याला जमलंच पाहिजे. हा नियम मुलांना फारच विचित्र वाटला. दुसऱ्याला जमावं म्हणून आपण हळू करायचं, असं शाळेत त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. हळूहळू हात वर जायला लागले, पाण्यात चालल्यासारखे. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू आला. तो पंखा आवाज करतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शनिवारी डस्टर. डस्टर हातात घ्यायचं आणि ते डस्टर नाही असं वागायचं. ते काय आहे हे इतरांनी ओळखायचं. पहिल्या अकरा जणांच्या हातात ते मोबाईल होतं, बाराव्याच्या हातात बंदूक, तेराव्यानं बंदुकीनं मोबाईलवाल्यांना मारलं. मग नियम केला: मोबाईल नाही, बंदूक नाही, बॅट तर नाहीच. वर्ग एकदम गरीब झाला. कुणाला काही सुचेना. तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी आली, खाली बसली आणि डस्टर दोन्ही तळव्यांत धरून थापायला लागली. थापता थापता ते गोल फिरवत होती. एका हातावर उचलून तव्यावर टाकलं, भांड्यात बोटं बुडवून वरून पाण्याचा हात फिरवला, थोडं थांबली, कडेनं उचकटून उलटलं. मग तवा बाजूला करून ते जाळाला उभं टेकवलं, चटका बसला म्हणून बोट कानाच्या पाळीला लावलं, आणि एकीकडे डाव्या हातानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. हे लाकूड मागे ओढणं कुठल्याही नटाला सुचलं नसतं. ते रोज पहाटे भाकरी करून शाळेत येणाऱ्या मुलीलाच सुचतं. "करपली!" एक जण ओरडला. तिनं डस्टर नाकाशी नेलं, वास घेतला आणि म्हणाली, "नाय करपली." खडूची पूड तिच्या नाकाला लागली होती.

गडबड झाली ती तिसऱ्या खेळात. यात बोलायचं, पण कुठल्याच भाषेत नाही. अर्थ नसलेले आवाज काढायचे आणि त्यांत भांडायचं, भाव करायचा, रजा मागायची. मेथीची जुडी विकणारा एक आणि घेणारी एक, असा बाजार चालू होता. "गिरबिड फुस्सा?" "हट् लबाल्या, तिरकुंडी!" घेणारीनं जुडी आपटली, विकणाऱ्यानं छाती बडवली, आणि नेमके मुख्याध्यापक दारात. मराठीच्या तासाला कार्यानुभव आणि कार्यानुभवाच्या तासाला हे. ते दोन मिनिटं उभे राहिले. "बाई, ही कुठली भाषा?"

तेव्हा सांगली माझ्या कामी आली. मी म्हटलं, "सर, हीच आपली परंपरा. भाव्यांच्या नाटकात पदं तेवढी रचलेली असायची, ती सूत्रधार म्हणायचा. संवाद पात्रं आयत्या वेळी आपल्या मनानं बोलायची. आणि राक्षस आले की 'अललडुर्र' करत यायचे. त्या नाटकांना पुढे अललडुर्र नाटकं म्हणूनच हिणवलं गेलं." सरांनी "अललडुर्र" हा शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. पदाला शोभेल असा नाही, म्हणून तिथेच थांबले. पण जाताना म्हणाले, "मेथी शेवटी केवढ्याला दिली?" म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मोहन आगाशे यांनी जर्मनीतून पुण्यात आणलेल्या 'ग्रिप्स'च्या नाटकांत मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात. आमच्या स्टाफरूमला त्यासाठी वेगळी तालीम लागत नाही, पण सरांमधलं पोर मला त्या दिवशीच दिसलं.

शिबिरात कळलेलं दुसरं नाव डोरोथी हीथकोट. इंग्लंडात, यॉर्कशरमधली ही मुलगी चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत मागावर लागली. नाटक शिकायची संधी आली तेव्हा गिरणीच्या साहेबानंच तिची फी भरली. पुढे त्या शिक्षकांना शिकवायला लागल्या. त्यांची रीत अशी की शिक्षकानं बाहेर उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, स्वतःच भूमिका घेऊन आत शिरायचं. वाचायला हे सोपं वाटलं. माझी आधीची भूमिका झाड होती हे मी विसरले होते.

आठवी 'ब'ला मी सांगितलं, आता तुम्ही एक गाव. धरण होणार आहे, गाव पाण्यात जाणार आहे. मी दाराबाहेर जाऊन येईन तेव्हा मी बाई नाही, मोजणीला आलेला साहेब आहे. बाहेर जाऊन पदर खोचला, हजेरीचं मस्टर काखेत मारलं आणि आत आले. आमच्या मुलांना हे नाटक समजावून सांगावं लागत नाही. उजनीचं पाणी अडलं तेव्हा त्यांचेच आजे-पणजे उठले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि सगळे ते बघायला जातात, सहलीला जावं तसे.

"पंधरा दिवसांत गाव रिकामं करायचं," मी शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात म्हटलं. वाटलं होतं, पोरं घोषणा देतील. सिनेमात देतात. तसं काही झालं नाही. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग प्रश्न आले, आणि ते फार व्यवहाराचे होते. विहिरीचे पैसे पाण्यासकट की नुसत्या बांधकामाचे? म्हसोबा हलवताना कोंबडं कुणी द्यायचं? नव्या गावात आमचं घर यांच्याच शेजारी का, कारण यांच्याशी आमचं बोलणं नाही. आजीच्या आजारपणाची कारणं सांगणारा तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आमची म्हातारी उठत न्हाई म्हणती." खोटं होतं की खरं, मला ओळखता येईना. मी साहेब होते, मला उत्तर द्यायचं होतं, आणि शिबिरातल्या झेरॉक्समध्ये ते नव्हतं. "वरून काय येतं ते बघू," मी म्हटलं. हे वाक्य इतकं सहज आलं की माझं मलाच दचकायला झालं.

"आन् झाडं?" कुणीतरी विचारलं. बरोबर होतं, भूसंपादनात झाडांची किंमत वेगळी धरतात. मी मस्टर उघडलं. "दाखवा झाडं."

खिडकीजवळचा एक मुलगा उठला. हा सहसा उठत नाही. जून महिन्यापासून मी त्याचा आवाज हजेरीपुरता ऐकला होता आणि त्यानंतरही, खोटं कशाला सांगू, तेवढाच ऐकते आहे. तो वर्गाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्यानं हात वर केले. सरळ नाही. एक हात लांब आडवा गेला, दुसरा कोपरात वाकून वर. एका खांद्याला तो किंचित कलला होता, वर्षानुवर्षं एकाच बाजूनं वारा लागल्यासारखा. दोन मुली लगेच त्याच्या पायाशी जाऊन बसल्या, सावलीला बसावं तशा. कुणी सांगितलं नव्हतं.

"कसलं झाड?" मी विचारलं.

"चिंच," सावलीतली एक म्हणाली.

"घेर?"

दोन मुलांनी हात पसरून त्याला कवेत घेऊन पाहिलं. "दोन कवा, साहेब."

"वय?"

आता मात्र कुणाला सांगता येईना. एक म्हणाला, "आज्याला इचारून सोमवारी सांगतो." झाड काही बोललं नाही. त्याचा आडवा हात थरथरत होता. मला मुंगळे आठवले.

घंटा झाली. पोरं उठली, बाकं सरकायला लागली. दारात गणिताचे सर खडूचा डबा घेऊन उभे होते. पुढचा तास त्यांचा. झाड हललं नव्हतं.

"हा का उभा?" सरांनी विचारलं.

"झाड आहे सर," वर्ग म्हणाला.

"मग त्याला सांगा, बाकावर बसायचं."

पण झाड माझ्याकडे बघत होतं. हात तसेच वर. मी साहेब की बाई, हे त्याच्या दृष्टीनं अजून ठरलं नसावं. "नोंद झाली का?" सावलीतल्या मुलीनं त्याच्या वतीनं विचारलं.

मस्टरमध्ये झाडांचा रकाना नसतो. मी त्याचं नाव शोधलं, हजर होता, आणि त्याच ओळीत शेऱ्याच्या जागी पेनानं लिहिलं: चिंच, एक. दोन कवा. मग त्यानं हात खाली घेतले.